वावर बटईनं द्यायचं की ठेक्यानं? शेअर आणि रोख्यांची तोंडओळख



पारशिवनी तालुक्यात गटांच्या बैठकांना आम्ही जातो, तेव्हा बचत गोळा झाली, हप्ते लिहून झाले, रजिस्टर मिटलं की खरी बोलणी सुरू होतात. अलीकडे त्या बोलण्यात एक प्रश्न हमखास येतो. "ताई, ते शेअर म्हणजे नेमकं काय हो? पोरगा म्हणतो त्यात पैसा दुप्पट होतो." दुसरी म्हणते, "आमच्याकडे एक जण बाँड घेऊन आला होता, सरकारी आहे म्हणे." तिसरी म्हणते, "जुगार आहे बाई तो, नादी लागू नये." तिघींच्याही बोलण्यात थोडं खरं आहे, थोडं अर्धवट आहे. म्हणून आज शेअर आणि रोखे यांच्याबद्दल बोलू. अमुक शेअर घ्या, तमुक घेऊ नका, असं मात्र आम्ही सांगणार नाही. तसा सल्ला द्यायला परवाना लागतो आणि तो आमच्याकडे नाही.

समजा, तुमचं तीन एकर वावर आहे आणि घरी ते करायला माणूस नाही. मग तुम्ही काय करता? एक तर ठेक्यानं देता. वर्षाचे इतके रुपये, बोली ठरली, विषय संपला. पऱ्हाटीवर बोंडअळी पडो, की अवकाळी येवो, ठेकेदारानं ठरलेले पैसे द्यायचे. कापसाला भाव चढला आणि त्याचं घर भरलं, तरी तुम्हाला वरचा एक रुपया मिळत नाही. दुसरा रस्ता बटईचा. बी-खतात तुमचा वाटा, पिकात तुमचा वाटा. पिकलं तर चार पैसे जास्त, नाही पिकलं तर घातलेलंही गेलं. बटईवाल्याच्या दारात जाऊन "माझे ठरलेले पैसे दे" असं म्हणता येत नाही, कारण ठरलेलं काही नसतंच.

रोखा म्हणजे ठेका. शेअर म्हणजे बटई. वावराच्या जागी तुमचा पैसा आणि ठेकेदाराच्या जागी कंपनी किंवा सरकार ठेवून बघा.

रोख्याला कोणी कर्जरोखा म्हणतं, कोणी बाँड. तुम्ही कंपनीला, महानगरपालिकेला किंवा सरकारला ठरलेल्या मुदतीसाठी पैसे उसने देता. ते दरसाल किंवा सहा महिन्यांनी ठरलेलं व्याज देतात आणि मुदत संपली की मुद्दल परत करतात. तुम्ही त्यांच्या सावकार झालात. शेअरमध्ये तुम्ही कंपनीच्या मालकीचा एक बारीकसा तुकडा विकत घेता. तुम्ही मालकीण झालात. मालकाला व्याज मिळत नाही, नफ्यातला वाटा मिळतो. तोही संचालक मंडळानं द्यायचं ठरवलं तर. त्याला लाभांश किंवा डिव्हिडंड म्हणतात. कंपनी मोठी झाली की तुमच्या तुकड्याची किंमत वाढते, कंपनी घसरली की उतरते. आणि कंपनी बुडालीच, तर जे काही विकून पैसे येतील त्यातून आधी देणेकऱ्यांचं भागवतात. मालकाचा नंबर सगळ्यात शेवटी, आणि तिथपर्यंत बहुतेक वेळा काही उरत नाही.

आता आपल्या तालुक्यातलंच उदाहरण घेऊ. गोंडेगाव, इंदर, कामठी या कोळशाच्या खाणी तुम्हाला माहीत आहेत. त्या वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या. तिचं मुख्य कार्यालय नागपूरला आणि ती पूर्णपणे कोल इंडिया या सरकारी कंपनीच्या मालकीची. ऑक्टोबर २०१० मध्ये केंद्र सरकारनं कोल इंडियातला आपला दहा टक्के हिस्सा लोकांना विकायला काढला. एका शेअरला २४५ रुपये भाव ठरला आणि छोट्या गुंतवणूकदारांना त्यात पाच टक्के सूट दिली. खाणीची धूळ आपल्या गावांना फुकट मिळते, नफ्याचा वाटा मात्र शेअर घेतल्याशिवाय मिळत नाही. तर समजा एखादीनं तेव्हा २४५ च्या भावानं १०० शेअर घेतले असते. २४,५०० रुपये गेले. पुढे काय झालं असतं?

नोव्हेंबरमध्ये बाजारात खरेदी-विक्री सुरू झाली त्याच दिवशी भाव ३०० च्या वर गेला. घरात आनंदी आनंद. जानेवारी २०१४ मध्ये कंपनीनं एका शेअरमागे २९ रुपये लाभांश दिला, म्हणजे १०० शेअरवर २,९०० रुपये. छान. मग २०२० साल आलं, कोरोना आला आणि हाच भाव सव्वाशेच्याही खाली आला. साडेचोवीस हजारांचे बारा हजारही राहिले नाहीत. त्याच वर्षी मुलीचं लग्न निघालं असतं, किंवा घरातल्या माणसाला दवाखान्यात न्यावं लागलं असतं, तर तिला त्या भावानंच विकावे लागले असते. जिला गरज पडली नाही आणि जी धरून बसली, तिनं २०२४ मध्ये तोच शेअर ५०० च्या पुढे गेलेला बघितला.

शेअर तोच, कंपनी तीच. एकीचं अर्धं गेलं, दुसरीचं दुप्पट झालं. फरक हुशारीचा नव्हता. एकीला त्या पैशाची गरज होती आणि दुसरीला नव्हती, एवढाच. शेअर घेण्याआधी "हा चढेल का?" असं सगळे विचारतात. "हे पैसे मला सात-आठ वर्षं लागणार नाहीत ना?" हा प्रश्न त्याच्या आधी यायला हवा. ज्या पैशावर बियाणं, शाळेची फी, बाळंतपण किंवा लग्न अवलंबून आहे, तो पैसा बटईला देऊ नये.

बातम्यांत सेन्सेक्स वर गेला, खाली आला, असं सांगतात. मुंबई शेअर बाजारातल्या ३० मोठ्या कंपन्यांच्या भावांची ती मोजपट्टी आहे. १९७८-७९ सालचे भाव १०० धरून ती मोजतात. जानेवारी २००८ मध्ये सेन्सेक्स २१ हजारांवर होता. त्याच वर्षी दिवाळीपर्यंत तो आठ हजारांच्या आसपास उतरला. सप्टेंबर २०२४ मध्ये तो ८५ हजारांच्या वर गेला. म्हणजे २००८ च्या सगळ्यात महाग दिवसांत पैसे टाकून जी चुपचाप बसली, तिचे साडेसोळा वर्षांत चौपट झाले. चौपट ऐकायला मोठं वाटतं, पण पाटीवर हिशेब मांडला तर दरसाल साडेआठ-नऊ टक्के पडतात, लाभांश वेगळा. हे सगळ्यात वाईट वेळी शिरलेलीचं गणित. इतर वेळी शिरलेल्यांना जास्त मिळालं. पण सहा महिन्यांत दुप्पट, असं या गणितात कुठे बसत नाही.

आता ठेक्याकडे, म्हणजे रोख्यांकडे वळू.

नागपूर शहर जे पाणी पितं त्यातलं बरंचसं पेंचचं, आपल्या नवेगाव खैरीच्या धरणातलं. ते शहरात न्यायचं, स्वच्छ करायचं, घरोघरी द्यायचं म्हणजे पैसा लागतो. नागपूर महानगरपालिकेनं २००१ मध्ये पाणीपुरवठ्याच्या कामासाठी ५० कोटी रुपयांचे रोखे काढले होते. पुणे महानगरपालिकेनं जून २०१७ मध्ये चोवीस तास पाण्याच्या योजनेसाठी २०० कोटींचे रोखे काढले. मुदत दहा वर्षं, व्याज ७.५९ टक्के. नळाला पाणी कमी आलं म्हणून व्याज कमी होत नाही, जास्त आलं म्हणून वाढत नाही. ठेका म्हणतात तो हाच.

सगळ्यात भरवशाचा ठेकेदार केंद्र सरकार. नोव्हेंबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेनं 'रिटेल डायरेक्ट' नावाची सोय केली आहे. तिथे साध्या माणसालाही फुकटात खातं उघडून थेट सरकारी रोखे घेता येतात. कमीत कमी १०,००० रुपयांचे. याशिवाय रिझर्व्ह बँकेचे बदलत्या व्याजदराचे बचत रोखे असतात. ते १,००० रुपयांपासून सरकारी बँकांमध्ये मिळतात. त्यांचा दर पोस्टाच्या राष्ट्रीय बचत प्रमाणपत्रापेक्षा ०.३५ टक्क्यानं जास्त असतो आणि दर सहा महिन्यांनी तपासला जातो. जुलै २०२३ मध्ये तो ८.०५ टक्के झाला. पण मुदत सात वर्षं. साठीच्या आतल्या बाईला मधे पैसे काढता येत नाहीत. ही अट आधी कळली पाहिजे, नंतर नाही.

बायकांना आवडेल असा एक रोखा सरकारनं काढला होता, सोन्याचा. नोव्हेंबर २०१५ मध्ये पहिली मालिका निघाली तेव्हा एका ग्रॅमला २,६८४ रुपये पडले. आठ वर्षांनी, नोव्हेंबर २०२३ मध्ये, सरकारनं त्याच ग्रॅमचे ६,१३२ रुपये परत केले आणि मधल्या काळात दरसाल व्याजही दिलं. घडणावळ नाही, चोराची भीती नाही. पण फेब्रुवारी २०२४ च्या मालिकेनंतर सरकारनं हे रोखे काढणं थांबवलं. आता कुणी तुमच्या दारात येऊन "सरकारी सोन्याचा नवा बाँड" म्हणत रोख रक्कम मागत असेल, तर त्याला चहासुद्धा पाजू नका.

बँकेतली एफडी हाही एक प्रकारचा ठेकाच. तिथे एक फरक लक्षात ठेवा. बँक बुडाली, मग ती सहकारी बँक का असेना, तर एका माणसाच्या एका बँकेतल्या ठेवींना व्याज धरून ५ लाख रुपयांपर्यंत विमा आहे. फेब्रुवारी २०२० पासून ही रक्कम ५ लाख झाली. पतसंस्थेतल्या ठेवीला हा विमा नाही. पाटी सारखीच, काउंटर सारखं, पासबुकाचा रंगही सारखा, पण विमा नाही. आपल्याकडे अनेकींना हे माहीत नसतं.

ठेक्यातही धोका असतोच. ठेकेदार पळाला तर? म्हणून कंपन्यांच्या रोख्यांना पतमानांकन देतात. ते देणाऱ्या वेगळ्या संस्था असतात. तीन वेळा 'ए' म्हणजे सगळ्यात चांगली पत. जसजशी अक्षरं उतरतात तसा धोका वाढतो, आणि म्हणूनच अशी कंपनी व्याजही जास्त देते. व्याज जास्त म्हणजे ठेकेदाराची पत कमी, हे सूत्र ध्यानात ठेवलं की बरंच कळतं. तीन 'ए' म्हणजे कायमची हमी, असंही समजू नका. आयएल अँड एफएस या मोठ्या कंपनीची पत २०१८ च्या उन्हाळ्यात सगळ्यात वरच्या दर्जाची होती आणि त्याच वर्षी सप्टेंबरपर्यंत ती देणी चुकवू लागली. मार्च २०२० मध्ये येस बँकेचे ८,४१५ कोटींचे एका विशिष्ट प्रकारचे रोखे शून्यावर आणले गेले. ते ज्यांच्याकडे होते त्यांत एफडी मोडून आलेले म्हातारे-कोतारेही होते. त्यांना धोका नीट न सांगता ते विकले, म्हणून सेबीनं २०२१ मध्ये बँकेला दंड केला. प्रकरण कोर्टात गेलं. "एफडीसारखंच आहे, व्याज फक्त जास्त आहे" हे वाक्य ऐकलं की तिथेच थांबा आणि विचारा, एफडीसारखं आहे तर एफडी का नाही म्हणत?

आणखी एक गोष्ट थोडी अवघड आहे, पण एकदा कळली की विसरत नाही. मुदतीआधी रोखा विकायला गेलात तर दिलेले सगळे पैसे मिळतीलच असं नाही. तुमचा रोखा सात टक्क्यांचा आहे आणि बाजारात आता आठ टक्क्यांचे नवे निघालेत. मग तुमचा सात टक्केवाला पूर्ण किमतीत कोण घेईल? थोडा स्वस्तात द्याल तर घेतील. उलट नवे सहा टक्क्यांचे निघाले, तर तुमच्या रोख्याला मागणी येईल. व्याजदर चढले की जुन्या रोख्याचा भाव उतरतो, इतकंच. मुदतीपर्यंत ठेवलात आणि ठेकेदार शाबूत राहिला, तर मुद्दल पुरतं परत येतं.

सेबीचं नाव वर आलं. शेअर बाजारावर आणि रोख्यांच्या व्यवहारावर देखरेख ठेवणारी ही सरकारी संस्था. १९८८ मध्ये ती सुरू झाली आणि १९९२ मध्ये तिला कायद्यानं अधिकार मिळाले. शेअरची खरेदी-विक्री करून देणारा दलाल म्हणजे ब्रोकर, शेअरचा सल्ला देणारा सल्लागार, लोकांचा पैसा एकत्र करून गुंतवणारा म्युच्युअल फंड, या सगळ्यांना सेबीकडे नोंदणी करावी लागते. नोंदणी क्रमांक विचारला तर खरा माणूस रागावत नाही.

आता ज्यासाठी हा विषय घेतला ते सांगतो. ठेक्यात खात्री असते, पण बेताचं मिळतं. बटईत जास्त मिळू शकतं, पण खात्री नसते. तुमच्या वावराच्या बाबतीत कुणी म्हणालं, "पीक येवो न येवो ठरलेले पैसे देतो, आणि तेही बटईच्या चांगल्या वर्षात मिळतील त्याच्या दुप्पट," तर तुम्ही काय म्हणाल? तुम्ही हसाल. गावातल्या चार जणींना सांगून हसाल. पण तेच बोलणं इस्त्रीचा शर्ट घातलेला माणूस पैशाबद्दल बोलतो, महिन्याला शेकडा पाच, तेही हमखास, तेव्हा आपण घरातून पाकीट काढतो. खात्री ठेक्याची आणि नफा बटईचा, हे दोन्ही एका हातानं देणारा अजून जन्माला आलेला नाही.

याच्यापायी किती पैसा अडकला ते बघा. सहारा समूहाच्या दोन कंपन्यांनी एजंटांमार्फत देशभर लोकांकडून पैसे घेतले. जे विकलं ते रोखेच होते, पुढे शेअरमध्ये बदलता येतील असे. सेबीच्या नियमांप्रमाणे परवानगी न घेता ते विकले गेले. ३१ ऑगस्ट २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयानं २४ हजार कोटींहून जास्त रक्कम १५ टक्के व्याजासह परत करायला सांगितली. दुसरं प्रकरण पीएसीएलचं, 'पर्ल्स' म्हणूनही लोक ओळखतात. शेतजमीन देतो म्हणून कोट्यवधी लोकांकडून पैसे घेतले. ऑगस्ट २०१४ मध्ये सेबीनं ४९,१०० कोटी रुपये परत करायचा आदेश दिला आणि पुढे सर्वोच्च न्यायालयानं त्यासाठी माजी सरन्यायाधीश लोढा यांची समिती नेमली. आदेश झाले म्हणून पैसा लगेच घरी आला नाही. वर्षानुवर्षं लोक पावत्या सांभाळून बसले. त्या पावत्यांवर रोजमजुरी करणाऱ्यांची, भाजी विकणाऱ्यांची नावं होती. आणि एजंट कोण? बहुतेक वेळा आपल्याच नात्यातला, आपल्याच आळीतला. तो फसवायला आला नव्हता, त्याचेही पैसे त्यात अडकले होते. म्हणून "ओळखीचा आहे" हा पुरावा धरू नका.

आता आजचा एजंट दारात येत नाही, मोबाईलमध्ये येतो. व्हॉट्सअॅप आणि टेलिग्रामवर अनोळखी गटात तुम्हाला कोणीतरी घालून टाकतं. तिथे रोज कुणाला किती नफा झाला याचे फोटो. मग एक अॅप उतरवायला सांगतात. त्यात तुमचे पाच हजार दहा दिवसांत आठ हजार झालेले दिसतात. दिसतात फक्त. काढायला गेलात की आधी कर भरा, मग फी भरा. असं झालं तर लाजत बसू नका. १९३० हा सायबर फसवणुकीचा क्रमांक आहे, त्यावर लगेच फोन करा. जितक्या लवकर कराल तितकी पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त.

दुसरी गोष्ट घरातलीच आहे, म्हणून बोलायला जड जातं. शेअरच्या व्यवहाराला डिमॅट खातं लागतं. शेअर आता कागदावर नसतात, या खात्यात नोंद होऊन राहतात. पॅन, आधार आणि मोबाईल नंबर असला की खातं घरबसल्या उघडतं. आमच्या बैठकांत हळूहळू लक्षात येतं की काही जणींच्या नावानं डिमॅट खातं आहे आणि त्यांना त्याचा पत्ता नाही. पोरानं उघडलं. आईचं पॅन, आईचा आधार, पण नंबर पोराचा. ओटीपी त्याच्याकडे जातो. तो वाईट आहे असं नाही. पण तो जे करतो ते बहुतेक वेळा शेअर घेऊन ठेवणं नसतं, 'ऑप्शन' असतं. म्हणजे अमुक तारखेपर्यंत भाव वर जाईल की खाली, यावर पैसे लावणं. ती बटईसुद्धा नाही. तिथे पीकच नाही. सेबीनं सप्टेंबर २०२४ मध्ये याचा हिशेब प्रसिद्ध केला. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत असे व्यवहार करणाऱ्या १०० पैकी ९३ जणांना तोटा झाला. सगळ्यांचा मिळून १ लाख ८० हजार कोटींच्या वर. एका माणसामागे सरासरी दोन लाख रुपये. तिसरी ताई जुगार म्हणत होती ना, तिचं या बाबतीत बरोबर आहे. घरी गेल्यावर पोराला शांतपणे विचारा, "माझ्या नावानं काय काय आहे?" खात्याला तुमचा स्वतःचा नंबर जोडून घ्या. बाईचं नाव आणि गड्याचा नंबर, अशी मालकी म्हणजे सातबाऱ्यावर नाव असून वावरात पाय ठेवायची मनाई.

मग सुरुवात कुठून करायची? आमचं मत विचाराल तर शेअरपासून नाही. आधी आपलं कर्ज बघा. शेकडा दोन महिना म्हणजे वर्षाला २४ टक्के. तुमच्या अंगावर असं १०,००० रुपयांचं कर्ज असेल आणि हातात १०,००० असतील, तर ते फेडणं म्हणजे वर्षाचे २,४०० रुपये हमखास वाचवणं. शेअर बाजारातला मोठ्यातला मोठा माणूससुद्धा अशी खात्री देऊ शकत नाही. कर्ज फिटलं की तीन-चार महिन्यांच्या घरखर्चाइतके पैसे बँकेत बाजूला. दवाखान्याची वेळ सांगून येत नाही. वर्षाला २० रुपयांचा अपघात विमा आणि ४३६ रुपयांचा जीवन विमा बँकेत मिळतो, तो घेतलेला नसेल तर आपल्या बँक सखीला विचारा. त्यानंतर मुलांच्या शिक्षणासारख्या ठरलेल्या खर्चासाठी ठेक्याचा पैसा, म्हणजे पोस्ट, एफडी, सरकारी रोखे. एवढं करूनही उरलं, आणि सात-आठ वर्षं लागणार नसेल, तर त्यातला काही भाग बटईला.

तोही एका कंपनीत नको. आपण पूर्ण वावरात नुसती पऱ्हाटी लावत नाही, मधे तुरीचे तास टाकतो. एक गेलं तर दुसरं हात देतं. म्युच्युअल फंड म्हणजे हेच. बऱ्याच लोकांचा पैसा एकत्र करून चाळीस-पन्नास कंपन्यांचे शेअर, किंवा रोखे, किंवा दोन्ही घेतात. महिन्याला ५०० रुपये, काही योजनांत २५० रुपयेसुद्धा चालतात. सेन्सेक्ससारखी मोजपट्टी जशी चालेल तसाच चालणारा 'इंडेक्स फंड' हा त्यातला सगळ्यात साधा आणि त्याचा खर्चही कमी. पण तोही बटईच, भाव उतरला की उतरतो. आपण गटात दर महिन्याला ठरलेल्या तारखेला बचत टाकतो, भाव बघून टाकत नाही. ही सवय इथे आयती कामाला येते. स्वस्तात जास्त तुकडे मिळतात, महागात कमी. स्वतः शेअर घ्यायचेच असतील, तर डिमॅट खात्यावर वर्षाची फी किती, हे आधी विचारा. ४ लाखांपर्यंतच्या छोट्या 'बेसिक' खात्याला वार्षिक फी लागत नाही, असा नियम सप्टेंबर २०२४ पासून आहे.

काही गटांनी विचारलं, गटाच्या खात्यात पैसा पडून आहे, तो शेअरमध्ये लावू का? आमचं उत्तर स्पष्ट आहे, नाही. गटाचा पैसा उद्या सकाळी कुणाच्या तरी ऑपरेशनला लागू शकतो, आणि ज्या दिवशी तो लागेल त्या दिवशी बाजार खाली असेल तर बारा जणींपैकी कोण कुणाला जबाब देणार? गटाचा पैसा गटात फिरू द्या. अंतर्गत कर्जाचं व्याज गटालाच मिळतं आणि कर्ज घेणारी बाई आपल्या डोळ्यांसमोर असते. शेअर घ्यायचा तो ज्या बाईचा त्या बाईनं, तिच्या पैशानं, तिच्या नावानं.

राहिलं वारस नोंदणीचं. एफडी, पोस्ट, डिमॅट, फंड, सगळीकडे वारसाचं, म्हणजे नॉमिनीचं नाव लावलंय का ते बघा. नवऱ्याच्या नावानं काही असेल तर त्याचीही एक यादी एका वहीत लिहून ठेवा. कुठलं खातं, कुठली कंपनी, कागद कोणत्या पेटीत. सात वर्षं लागोपाठ लाभांश कुणी घेतला नाही, तर तो लाभांश आणि ते शेअर केंद्र सरकारच्या एका निधीकडे वर्ग होतात. ते परत मागता येतात, पण बरीच कागदपत्रं लागतात आणि नवऱ्यामागे एकटी बाई ते करत बसते.

सेबीचा फुकट क्रमांक लिहून घ्या : १८०० २२ ७५७५. मराठीतही बोलतात. ब्रोकर किंवा सल्लागार नोंदणीतला आहे की नाही हे तिथे विचारता येतं, आणि तक्रार कुठे, कशी करायची तेही. पुढच्या बैठकीला आपापल्या खात्यांची ती वही घेऊन या, नॉमिनीचे रकाने आपण सगळ्या मिळून भरू.